जीवाणू प्लास्टिक खाईल, पण सगळं नाही!

कँटीनमधली रिकामी पाण्याची बाटली तुम्ही डस्टबिनमध्ये टाकता आणि विसरून जाता. ती खाणारा जीवाणू जपानमधल्या साकाई शहरात सापडल्याचं 2016 मध्ये जाहीर झालं. नाव ‘इडिओनेला साकायेन्सिस’. त्याचं एन्झाइम बाटलीचं ‘पेट’ प्लास्टिक तोडतं, पण फारच सावकाश.

मग त्याचा वेग वाढवायचा कसा? हे एन्झाइम म्हणजे सुमारे 290 अमिनो आम्लांची माळ. त्यातला एकच मणी बदलायचा म्हटलं तरी साडेपाच हजार पर्याय, दोन बदलायचे तर दीड कोटी! लॅबमध्ये एकेक तपासायला आयुष्य पुरणार नाही. इथे कम्प्युटर कामी आला. कुठला मणी बदलून फायदा होईल, याचा अंदाज टेक्सास विद्यापीठाच्या टीमने मशीन लर्निंगने बांधला आणि लॅबमध्ये मोजकेच बदल तपासले. त्यातून तयार झालेल्या ‘फास्ट-पेटेज’ने 50 अंश तापमानाला ‘पेट’चे डबे, ट्रे आठवड्याभरात जवळजवळ पूर्ण तोडले, असं या टीमने 2022 मध्ये दाखवलं.

भारी ना? पण जरा थांबा. हे एन्झाइम ‘पेट’मधले एस्टर बंध तोडतं. कॅरीबॅगच्या पॉलिथिनमध्ये ते बंधच नसतात, त्यामुळे तिथे त्याची डाळ शिजत नाही. म्हणजे मॉडेल कितीही हुशार असलं, तरी आधी कुणीतरी बाटली बाकीच्या कचऱ्यातून वेगळी काढायलाच हवी. आज ते काम बहुतेकदा कचरावेचक करतात. त्यांचं काम थोडं हलकं करायला कुठलंच अल्गोरिदम लागत नाही. बाटली सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाका, बस्स!