बेरीज पाच, पुढे काय?

शिंदखेडा तालुक्यातल्या एका आशाताईंनी भरलेला सीबॅक फॉर्म (आजारांचा धोका ओळखण्यासाठीची प्रश्नावली) या आठवड्यात पाहायला मिळाला आणि डोकं तापलं. कमरेचा घेर, तंबाखू, घरात कुणाला शुगर, सगळं नीट भरलेलं. शेवटी मनाबद्दलचे दोन प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झाला का, उदास वाटलं का. बेरीज तीनच्या वर गेली की पुढे पाठवायचं. ज्या बाईंचा हा फॉर्म होता, त्यांची बेरीज पाच. त्यांना बीपीची गोळी मिळाली आणि ‘धुळ्याला दाखवा’ हा सल्ला. ऐन कापूसवेचणीत मजुरी बुडवून धुळ्याला कोण जाणार?

सलाइनबद्दल मी सतत लिहितो, आजही लिहिणार, कारण मनाच्या दुखण्यावरही तीच चढवली जाते. “मना जीव घाबरस, झोप लागत नही, आंगमा ताकदच नही,” असं सांगणाऱ्या बाईला आपल्याकडे बाटली चढवतात. दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तीच बाई, तीच बाटली.

गोव्यात याच तक्रारींवर वेगळा मार्ग काढला गेला. ‘संगत’ ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्या ‘मानस’ प्रयोगात २४ दवाखाने होते, १२ सरकारी, १२ खासगी. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून त्याच दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसवलं. औषध नेहमीच्या डॉक्टरांचं, मानसोपचारतज्ज्ञ पाठीशी. निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. नैराश्य वा चिंतेच्या आजाराचं निदान पक्कं झालेल्या रुग्णांपैकी सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के बरे झाले. जिथे समुपदेशक नव्हता तिथे ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. मला यातच सगळं दिसतं. जिथे रांग मोठी आणि डॉक्टरांना मान वर करायला उसंत नाही, नेमका तिथेच उपयोग झाला. आपली आरोग्य केंद्रं याहून वेगळी आहेत का? गोवा छोटा, तिथलं इथे चालणार नाही, हे मला पटत नाही. अंतर लांब असेल तर समुपदेशक जवळ असण्याची गरज वाढतेच.

राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. खान्देशात एकही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ तर मानसिक आरोग्याची सेवा प्राथमिक पातळीपासून सर्वसाधारण उपचारांत मिसळा, असंच सांगतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक उपयोगी आहे, पण घरात एकच मोबाइल आणि तो नवऱ्याच्या खिशात, तर बाई बोलणार कधी?

धुळे जिल्हा परिषदेने तालुक्यातल्या एका तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या तपासणीच्या दिवशीच समुपदेशक बसवावा. नैराश्याच्या गोळ्या तिथल्याच खिडकीवर मिळाव्यात. आणि मासिक आढाव्यात फॉर्म किती भरले हे विचारताना, पाठवलेल्यांपैकी उपचार किती जणांना मिळाले, हेही विचारावं.