दुसरं व्हायोलिन

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी मुंबईत ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि आपली ही परंपरा सुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, त्याच मुंबईत, एका पारशी घरात मेहली मेहता जन्मले. झुबिन मेहतांचे वडील, एवढ्यावरच आपल्याकडे त्यांची ओळख थांबते. यंदाचा आमचा अंक शिकवणाऱ्या माणसांविषयी आहे. त्याची सुरुवात मेहलींपासून व्हावी, असं मनापासून वाटलं.

व्हायोलिन ते बरंचसं आपलं आपणच शिकले. १९३५मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, पुढे बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. घरात क्वार्टेटच्या तालमी चालत, त्या लहानग्या झुबिनच्या कानावर पडत. शहरात नाव झालेलं असतानाही, पस्तिशी उलटल्यावर, मेहली न्यूयॉर्कला इव्हान गॅलॅमियन यांच्याकडे पुन्हा विद्यार्थी म्हणून गेले. त्यानंतर मँचेस्टरचा हॅले ऑर्केस्ट्रा. आणि १९५९ साली, पन्नाशीत, फिलाडेल्फियाच्या कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये ते दुसऱ्या व्हायोलिनवर बसले.

स्वतःचा ऑर्केस्ट्रा चालवलेला माणूस दुसऱ्या खुर्चीवर! पण क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. समोर कंडक्टर नाही. सुरुवातीची खूण पहिल्या व्हायोलिनच्या गजाच्या हालचालीतून घ्यायची. ड्वोरझाक यांच्या १८९३च्या ‘अमेरिकन’ क्वार्टेटची सुरुवात ऐका. व्हायोलिनं झुळझुळत राहतात आणि धून उचलते व्हायोला. अशा वेळी दुसरं व्हायोलिन जरा चढलं तर धून झाकोळते, फार दबलं तर तिच्या पायाखालची जमीनच जाते. स्वतः वाजवत असताना बाकी तिघांना ऐकायचं, हे तिथलं रोजचं काम. आमच्या मते शिक्षकाला याहून चांगली शाळा नाही.

१९६४मध्ये ते लॉस एंजेलिसला गेले, तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकवू लागले आणि त्याच वर्षी त्यांनी तरुण वादकांसाठी अमेरिकन यूथ सिम्फनी सुरू केली. तेहतीस वर्षं त्यांनी ती सांभाळली. निवृत्त झाले तेव्हा नव्वदीला टेकले होते. २००२मध्ये ते गेले. मुंबईत १९९५पासून त्यांच्या नावाची संस्था मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवते आहे.

पुढच्या पानांवर तबल्याचे, कुस्तीचे, गणिताचे शिक्षक भेटतील. त्यांच्याविषयी वाचून आपल्याला आपले कुणी आठवले, तर आम्हाला जरूर लिहा. दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

– संपादक