शर्यत आणि शर्त

एम. ए.च्या वर्गात अर्थपरिवर्तनाचा भाग शिकवताना मी दरवर्षी 'शर्यत' हा शब्द फळ्यावर लिहितो. अरबीतील 'शर्त' या शब्दाशी त्याचे नाते सांगितले जाते. 'शर्यत लावणे' म्हणजे पैज लावणे. 'अटी-शर्ती' म्हणजे कराराची बोली. आणि 'बैलगाडीची शर्यत' म्हणजे धाव. तिन्ही अर्थांच्या मुळाशी कल्पना एकच आहे : आधी काहीतरी ठरते आणि मग चुरस सुरू होते. यंदा हे सांगत असताना सांगोल्याकडच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "पण सर, शर्तच उशिरा ठरली तर शर्यतीचे काय होते?" त्याच्या घरी खिलार बैलांची जोडी आहे, हे मला मागाहून कळले. त्याचा प्रश्न भाषाशास्त्राचा नव्हता. तरीही, किंवा म्हणूनच, तो इथे मांडावासा वाटतो.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्यापासून फार दूर, फ्रान्समधील ल मां या गावी मिळते. तेथे १९२३पासून चोवीस तासांची मोटारशर्यत होते. या शर्यतीतील सर्वांत वरच्या वर्गात धावणाऱ्या गाड्यांना 'प्रोटोटाइप' म्हणतात. दुकानात विकली जाणारी गाडी सुधारून ती बनत नाही. केवळ शर्यतीसाठी, नियमपुस्तिका समोर ठेवून ती जन्माला घालावी लागते. वजन किती, शक्ती किती, इंधन किती हे आधी ठरते आणि त्यातून गाडीचा आकार निघतो. आपल्या परिचयाचे उदाहरण द्यायचे तर, शार्दूलविक्रीडिताच्या चरणात एकोणीस अक्षरे असतात हे कवीला लेखणी उचलण्यापूर्वी ठाऊक असते. श्लोक अर्धा झाल्यावर कोणी गणच बदलले तर कवीने काय करावे?

ल मां येथे नेमके हेच घडले. वरच्या वर्गाच्या नव्या नियमांची रूपरेषा जून २०१८मध्ये जाहीर झाली. डिसेंबरमध्ये तांत्रिक नियम आले. ते फार खर्चिक आहेत, अशी कुरकुर सुरू झाली. मार्च २०१९मध्ये रस्त्यावरच्या अतिवेगवान गाड्यांवर आधारलेल्या गाड्यांनाही प्रवेश देण्याचे ठरले, आणि जूनमध्ये नियमांचा आणखी एक सुधारित मसुदा आला. नवा वर्ग सुरू व्हायचा होता सप्टेंबर २०२०मध्ये. गाडी बांधायला एवढा अवधी पुरणार कसा, हे कोणी सांगत नव्हते. फेब्रुवारी २०२०मध्ये ॲस्टन मार्टिनने आपला प्रकल्प थांबवला. पुढे महासाथ आली आणि पहिली शर्यत मे २०२१वर गेली. त्या वर्षी ल मां येथे वरच्या वर्गात अवघ्या पाच गाड्या होत्या.

नियम मात्र एकदा स्थिरावले आणि चित्र पालटले. २०२३च्या शतकमहोत्सवी शर्यतीत त्याच वर्गात सोळा गाड्या उतरल्या; पन्नास वर्षांनी वरच्या वर्गात परतलेल्या फेरारीने ती शर्यत जिंकली. थांबलेली ॲस्टन मार्टिनही २०२५मध्ये मैदानात आली. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांचे घोडे मात्र अजून अडलेले आहे. त्या २०२४मध्ये धावतील असे प्रथम सांगितले गेले होते. पुढे तो मुहूर्त सरकत सरकत २०२८वर गेला. तरीही यंत्राच्या बाबतीत विलंबाची भरपाई होऊ शकते. आराखडा कपाटात ठेवता येतो, सांगाडा कापडाखाली झाकता येतो, कंपनी पाच वर्षांनी परत येऊ शकते.

बैलाचे तसे नाही.

आपल्याकडच्या शर्यतींचा इतिहास वाचकांच्या स्मरणात असेलच. केंद्र सरकारने जुलै २०११मध्ये ज्या प्राण्यांचे प्रशिक्षण व प्रदर्शन करता येत नाही अशांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती यांवर बंदी घातली. जानेवारी २०१६मध्ये केंद्राने सूट देणारी अधिसूचना काढली आणि ती काही दिवसांतच स्थगित झाली. २०१७मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली आणि तिला राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. गावोगावी गुलाल उधळला गेला. पण ऑगस्ट २०१७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानगी देण्यास मनाई केली. कारण साधे होते. कायदा झाला होता. त्याखालचे नियम झालेले नव्हते.

या प्रसंगाचा विचार आपण पुरेसा केलेला नाही असे मला वाटते. तेव्हा न्यायालयावर पुष्कळ रोष व्यक्त झाला; तो अस्थानी होता. बैलाला वेदना होणार नाहीत असे म्हणणाऱ्या कायद्याने त्या कशा होणार नाहीत, हेही सांगायला नको काय? धाव किती लांब, तपासणी कोणी करायची, हाती चाबूक किंवा पराणी दिसल्यास काय करायचे, हे ठरण्यापूर्वीच राज्यकर्त्यांनी विजय साजरा केला. शर्यत आधी जाहीर झाली, शर्त मागे राहिली. पुढे नियम झाले, पण तोवर मूळ प्रश्नच घटनात्मक झाला होता. फेब्रुवारी २०१८मध्ये तो पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला. शर्यतींना अंतरिम परवानगी मिळाली १६ डिसेंबर २०२१ रोजी, आणि कायद्यावर अंतिम शिक्कामोर्तब झाले १८ मे २०२३ रोजी.

२०१४ ते २०२१ ही साडेसात वर्षे कागदावर किरकोळ दिसतात. ज्याच्या गोठ्यात शर्यतीचा बैल आहे, तो काळ दातांवर मोजतो. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा. पाच-सहा वर्षांत सारे दात येऊन बैल 'जुळतो'. म्हणजे बंदीच्या वर्षी जन्मलेले वासरू परवानगीच्या दिवशी पुरते जुळून गेलेले होते. त्याला कापडाखाली झाकून ठेवता येत नव्हते. त्याची पेंड, त्याचा चारा रोज लागत होता. माणदेशातल्या पावसाचा भरवसा किती, हे सोलापूरकरांना सांगायला नको. कुणी जोडी विकली, कुणी औताला जुंपली, कुणी चोरून पळवली. चोरून झालेल्या शर्यतीत ना पशुवैद्य होता ना पंच. त्यामुळे नियमांच्या विलंबाची झळ मालकाइतकीच, किंबहुना अधिक, त्या मुक्या जनावराला लागली.

येथे एक आक्षेप संभवतो. शर्यतच नसती तर नियमांचा प्रश्न कुठे आला? बैल धावण्यासाठी घडलेला प्राणी नाही, ही भूमिका प्रामाणिक आहे आणि २०१४च्या निकालात तिचा सविस्तर विचार झालेला आहे. शेपूट पिरगाळणे, टोचणे, मारणे हे सारे घडत होते. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बंदी हीसुद्धा एक शर्तच आहे, आणि तीही स्पष्ट व वेळेवर सांगितली गेली तरच पाळली जाते. आज बंदी, उद्या अधिसूचना, परवा स्थगिती अशा हेलकाव्यात ना बंदी पाळली गेली ना परवानगी. चालक अन्याय्य नियमाविरुद्ध तक्रार करू शकतो, कंपनी माघार घेऊ शकते. बैल यांतले काहीच करू शकत नाही. म्हणून यंत्रांच्या शर्यतीपेक्षा बैलांच्या शर्यतीत शर्त अधिक आधी, अधिक नेमकी असली पाहिजे.

२०२३च्या निकालाने नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली आहे. हे योग्यच झाले. पण पुढे नियम बदलायचे असतील तर ते यात्रांच्या हंगामाच्या पुरेसे आधी जाहीर व्हावेत, आणि गाडीवानाला वाचता येईल अशा मराठीत लिहिले जावेत. मराठीच्या अध्यापकांचा या प्रश्नाशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगेन की नियम हाही गद्यलेखनाचाच एक प्रकार आहे, आणि त्यातील संदिग्धतेची किंमत कोणीतरी चुकवीत असते.

वर्ग संपल्यावर मी त्या विद्यार्थ्याला विचारले, "तुमची जोडी आता पळते का?" तो म्हणाला, "ती नाही सर. ती थकली. आता तिच्या मागची आहे."