फियाट बरी की थार?

ज्या घरात वडिलांनी मुंबईत काळी-पिवळी फियाट चालवून पोरे शिकवली, त्याच घरात आज मुलगा थारचे नाव काढतो आणि जेवणाच्या ताटावर वाद पेटतो. बाप म्हणतो, आमच्या गाडीने संसार ओढला. मुलगा म्हणतो, तुमची गाडी घाटात धापा टाकायची. आम्हाला विचाराल तर दोघांचेही खरे आहे. दोघे बोलतात ते रस्ते मात्र वेगळे आहेत.

प्रीमिअर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, कुर्ल्याच्या कारखान्यात बने. इंजिन १०८९ सीसीचे, ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती. पण दरवाजे चार, मागे आजी, सून, नातवंडे, डिकीत बोचकी आणि टपावर कॅरिअर. बिघडली तर नाक्यावरचा मेकॅनिक कार्बोरेटर खोलून साफ करी आणि गाडी पुन्हा धंद्याला लागे. ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा भरली आणि पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

२०२० सालच्या थारचे डिझेल इंजिन २१८४ सीसीचे, ताकद १३० अश्वशक्ती. एअरबॅग आहेत, चाक न अडकणारे एबीएस ब्रेक आहेत. फियाटमध्ये यातले काही नव्हते, हे बापाने कबूल करावे. पण तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचे तर पुढची सीट वाकवून आत शिरावे लागते. गुडघे धरलेल्या आजीला हे कसे जमावे?

आता फोर-व्हील-ड्राइव्हचे. एरवी थारची मागची दोनच चाके गाडी ढकलतात, फियाटसारखीच. दुसरा छोटा दांडा टाकला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. चिखल, वाळू, निसरडा चढ, इथे त्याचे मोल आहे. आपली वस्ती पुष्कळदा गावाच्या टोकाला. डांबर पाटलाच्या दारापर्यंत येते आणि पुढे पावसाळ्यात गाडीवाट. बाळंतीण न्यायची असेल तेव्हा तिथे अशी गाडी हवी. प्रत्यक्षात ती बहुधा शहरातल्या हॉटेलाबाहेर धुऊनपुसून उभी दिसते!

कोरड्या डांबरावर तो दांडा टाकून फिरू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. दोन्हीकडचे दांडे एकमेकांना जखडलेले असल्याने टायर घासतात, आतल्या गियरवर ताण येतो. आणि मालकाची गाडी चालवणाऱ्या आपल्या पोरांनी एवढे तर मनावर कोरून ठेवावे: चारही चाकांचा जोर गाडी पुढे नेतो, ती लवकर थांबवत नाही. ब्रेक फियाटलाही चारही चाकांना होते. ओल्या घाटात उंच गाडी वेगाने वळवली तर ती कलंडायला वेळ लागत नाही. ६५० मिलिमीटर पाण्यातून थार जाते असे कंपनी सांगते, ते साचलेल्या पाण्याचे. पुराच्या वाहत्या पाण्यात घालू नये.

नवी फोर-व्हील-ड्राइव्ह थार दहा लाखांच्या खाली येत नाही. म्हणून जुनी घेण्याकडे ओढा असतो. जानेवारी २०२३ पासून थारचा स्वस्त प्रकारही निघाला. बाहेरून तसाच, पण जोर फक्त मागच्या चाकांना. दलाल ‘थार आहे’ एवढेच सांगतो. हप्ता ठरवण्याआधी आत बसून गियरशेजारी तो दुसरा दांडा आहे का पाहावे, आणि मालकाला मातीत नेऊन तो टाकून दाखवायला सांगावे.