साक्रीच्या प्रेक्षकाचा कौल

समीक्षा वाचून तिकीट काढणारे साक्रीसारख्या तालुक्याच्या गावी थोडेच. येथील माणूस उन्हाळी सुटीत पोराबाळांना घेऊन, पदरमोड करून एखादा चित्रपट पाहतो आणि बाहेर पडता पडता दोन वाक्यांत निकाल देऊन मोकळा होतो. २०२३ च्या उन्हाळ्यातील त्याचा निकाल राष्ट्रीय विचाराच्या मंडळींनीही मनावर घ्यावा असा होता.

२८ एप्रिलला केदार शिंदे यांचा ‘महाराष्ट्र शाहीर’ आला. त्याच दिवशी भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘टीडीएम’. सोयीच्या वेळेचे खेळ मिळत नाहीत, अशी तक्रार ‘टीडीएम’च्या कलावंतांना डोळ्यांत पाणी आणून करावी लागली. जो चित्रपट पडद्यावर धड लागतच नाही, त्यावर प्रेक्षकाने मत तरी काय द्यावे?

उन्हाळा सरता सरता, १६ जूनला आलेल्या ‘आदिपुरुष’ला पडदे भरपूर मिळाले. विषय प्रभू रामचंद्रांचा, दिग्दर्शक ‘तान्हाजी’चे ओम राऊत, खर्च शेकडो कोटींचा. घरोघरची मंडळी भक्तिभावाने गेली आणि हनुमंताच्या तोंडी गल्लीतली भाषा ऐकून खट्टू होऊन परतली. पुढे संवाद बदलण्यात आले; पण पहिल्या तीन दिवसांनंतर ओसरलेली गर्दी पुन्हा फिरकली नाही. विषय आपला, म्हणून कलाकृतीही गोड मानून घ्यावी, हा आग्रह अनाठायी आहे. १९८७ साली शेजाऱ्याच्या दूरचित्रवाणी संचापुढे उदबत्ती लावून रामानंद सागर यांचे ‘रामायण’ पाहणारी पिढी अजून घरात आहे. त्या मालिकेतले बाण पोरकट दिसत, हे तिला तेव्हाही कळत होते. राम मात्र खरा वाटत होता.