महाडला एसटीने जाऊ या

सुट्टीत भारतात उतरलो की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गाडी किती दिवसांसाठी सांगू?" दीक्षाभूमीला गाडी, चैत्यभूमीला गाडी, महाडलाही गाडीच. काचा वर, वातानुकूलन चालू, मुलांच्या हाती मोबाइल. असे महाड पाहून परतलेली आपली मुले चवदार तळ्याचे छायाचित्र दाखवितात. पण तेथवर पोहोचणे ही एके काळी केवढी गोष्ट होती, हे त्यांच्या गावीही नसते. आमचे मत असे, की धडधाकट कुटुंबांनी एकदा तरी पाठीवर पिशवी टाकून, गर्दीच्या एसटीने कोकणात उतरावे.

डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून निघाले, तेव्हा धरमतरचा मार्ग जवळचा होता. पण तेथील मोटारवाल्यांनी ऐनवेळी बहिष्कार घातला तर? म्हणून 'पद्मावती' बोटीने दासगाव बंदर गाठायचे ठरले. तेथून महाड सुमारे पाच मैल. वेळ आलीच तर पायी जाता येईल. अंतर किती यापेक्षा आपल्याला बसू कोण देईल, यावर मार्ग ठरत होता. त्याआधी १९०१ मध्ये मसूर स्थानकावर लहानग्या भीमरावाजवळ आणि त्याच्या सोबतच्या मुलांजवळ पैसे होते, तरी बैलगाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे, असे ठरले. ही हकिगत ज्या आत्मकथनात आहे, त्याचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. व्हिसाच्या रांगांत उमेदीची वर्षे घालविलेल्या आपल्याला ते नाव जरा निराळेच बोचते.

गेल्या डिसेंबरात महाडहून मंडणगडच्या एसटीत आम्ही चौघे उभे होतो. २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट, त्यामुळे बाजारहाट करून परतणाऱ्या बायकांनी गाडी भरलेली. एकीने काही न विचारता आमच्या धाकट्याला मांडीवर ओढून घेतले. "बॅग सांभाळशील की पोराला?" एवढेच बोलली. थोड्या वेळाने शेजारच्या सद्गृहस्थांनी गाव विचारले, मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर ते खिडकीबाहेर पाहू लागले, ते उतरेपर्यंत. आमच्या दहा वर्षांच्या मुलीने नंतर विचारले, "ते काका बोलायचे का थांबले?" भाड्याच्या गाडीत हा प्रश्न निघालाच नसता. तळ्याकाठच्या अर्ध्या तासात जे सांगता आले नव्हते, ते आंबडव्याला पोहोचेपर्यंत सांगत राहिलो. मांडी देणारी बाई आणि मान वळविणारे गृहस्थ एकाच बाकावर होते, हेही तिला सांगावे लागले. तिला पटले की नाही, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी बाणकोटला सावित्री समुद्राला मिळते ते पाहिले. महाडच्या कडेने वाहणारी नदी ती हीच, हे मुलांना नकाशावाचून कळले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो आम्हांला मान्य आहे. ज्यांना रोज दारात लोंबकळत जावे लागते, त्यांची गर्दी ही आपली सहल होऊ नये. म्हणून मोठ्या बॅगा मुक्कामीच ठेवाव्यात, कामकऱ्यांच्या वेळेची गाडी टाळावी आणि कोणाचेही चित्रीकरण करू नये. आजारी माणसांवर तर हा हट्ट मुळीच लादू नये.

आमच्या वडिलांनी बेत ऐकून साफ नकार दिला. "जन्मभर उभ्यानंच गेलो. आता लेकाच्या पैशानं बसून जाऊ दे की." त्यांना काय उत्तर द्यावे, ते आम्हांला सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही. येत्या डिसेंबरात त्यांच्यासाठी गाडी सांगितली आहे. आम्ही एसटीने येऊ. दासगाव फाट्यावर भेटायचे ठरले आहे. तेथून पुढे चालायचे की नाही, ते आजोबा आणि नात मिळून ठरवतील.