बेडका म्हणजे थुंकी नव्हे

दहावी-बारावीचे निकाल लागले की सीमाभागातील घराघरांत एकच प्रश्न निघतो : आता पोराला, पोरीला कुठे घालायचे? अलीकडे या प्रश्नाला 'लॅब टेक्निशियन' हे उत्तर बरेचदा ऐकू येते. डॉक्टरकीइतका खर्च नाही, आणि शिकून झाल्यावर तालुक्याच्या गावी काम मिळण्याची आशा असते. वाट चांगली आहे. पण या वाटेवर रोगजंतूंचा विषय येतो आणि मराठी शाळेतून आलेली मुले तिथे अडखळतात. मग सारे खापर इंग्रजीवर फोडले जाते. आमच्या मते हे निम्मेच खरे आहे. इंग्रजी शब्द पाठ करता येतात. खरी अडचण अशी की, हा विषय आपल्या घरात, आपल्या भाषेत आधीच अर्धा शिकून झालेला आहे, हे या मुलांना कोणी सांगतच नाही.

वास्तविक या विषयात शिकायचे काय असते? रोग्याची लघवी, पू, रक्त किंवा बेडका घ्यायचा, त्यातले जंतू वाढवायचे, ओळखायचे आणि कोणते औषध त्यांना लागू पडेल ते डॉक्टरांना सांगायचे. जंतू वाढतात ते झाकणाच्या उथळ बशीत. रॉबर्ट कॉख यांचे सहायक ज्युलियस पेट्री यांनी ती १८८७ मध्ये प्रसिद्ध केली. बशीतला थर अगरचा. अगर म्हणजे आपल्या किराणा दुकानातला चायना ग्रास. आधी जिलेटिन वापरत, पण ते उबेत वितळे. तेव्हा फॅनी हेसे या गृहिणीने आपल्या स्वयंपाकघरातला अगर सुचवला. तिचा नवरा कॉख यांच्याकडे काम करत होता. या शास्त्राचा एक खांब असा चुलीजवळून आला आहे.

पुढचे कामही घरचेच. तारेचे कडे ज्योतीत लाल करायचे, निवू द्यायचे, नमुन्याला टेकवून बशीवर रेघा ओढायच्या आणि ३७ अंशांच्या उबेत रात्रभर ठेवायचे. आई रात्री दुधाला विरजण लावते ते याहून वेगळे काय आहे? विरजण थेंबभरच लागते, भांडे स्वच्छ लागते, ऊब लागते आणि मधेमधे ढवळून चालत नाही. ज्या मुलीने हे लहानपणापासून पाहिले तिला 'इनॉक्युलेशन' या शब्दाचे भय वाटण्याचे कारण नाही.

ग्राम रंजनाचेही तेच. हान्स क्रिश्चन ग्राम यांनी १८८४ मध्ये ही पद्धत मांडली. जांभळा रंग, मग आयोडिन, मग अल्कोहोलने धुणे, शेवटी लाल रंग. मुले हा क्रम इंग्रजीत घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पण ज्या जंतूंची भिंत जाड ते जांभळा रंग धरून ठेवतात, ज्यांची पातळ त्यांचा रंग धुतला जाऊन ते लालसर दिसतात, एवढे कारण कळले की क्रम चुकत नाही. वडगाव-खासबागच्या विणकराच्या पोराला पक्का रंग आणि कच्चा रंग यांतला फरक शिकवावा लागतो काय?

'मराठीत शास्त्राला शब्द कुठे आहेत?' असे विचारणारे भेटतात. त्यांनी ध्यानात घ्यावे की, कॉख आणि ग्राम यांनी जर्मनमध्ये लिहिले, पाश्चर यांनी फ्रेंचमध्ये. जंतूंची नावे तर ग्रीक-लॅटिन घडणीची, आणि ती जगभर तशीच राहतात. ती बदला असे आम्ही म्हणत नाही. स्टॅफिलोकॉकस म्हणजे द्राक्षाच्या घडासारखे दाणे, स्ट्रेप्टोकॉकस म्हणजे माळेसारखे दाणे, एवढे वर्गात एकदा मराठीत सांगा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली घड दिसला की नाव आपोआप ओठावर येईल.

हातचलाखीने आणि पाठांतराने हा विषय निभत नाही, याची साक्ष आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. ज्या प्लेगने बेळगाव-धारवाडकडच्या लोकांना घरे सोडून माळावर झोपड्या बांधायला लावल्या, त्या प्लेगवरची लस वाल्देमार हाफकीन यांनी मुंबईत तयार करून जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल या गावी एकाच बाटलीतली लस टोचलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकीन यांच्यावर आला. पुढे उजेडात आले की, ती बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला. हाफकीन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. चिमटा ज्योतीत का धरायचा, हे ज्याला आपल्या भाषेत उमजले आहे तो घाईतही ते विसरणार नाही. ज्याने केवळ वाक्य पाठ केले आहे तो विसरेल.

आता सर्वांत महत्त्वाचे. प्रयोगशाळेचे काम सूक्ष्मदर्शकापासून सुरू होत नाही, ते रोग्याशी बोलण्यापासून सुरू होते. क्षयाच्या तपासणीला बेडका लागतो, म्हणजे खोल श्वास घेऊन, जोराने खोकून छातीतून वर आलेला कफ. खिडकीतून डबी पुढे करून 'यात थुंका' म्हटले की खेड्यातली म्हातारी बिचारी तोंडातली लाळ थुंकून डबी परत करते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली क्षयाचे जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये निदान पाच ते दहा हजार असावे लागतात. लाळेत ते कुठून मिळणार? 'जंतू नाहीत' असा कागद हाती पडतो आणि म्हातारी घरी जाऊन नातवंडांत खोकत बसते.

ही आमची कल्पना नव्हे. पाकिस्तानात रावळपिंडी येथे झालेला एक अभ्यास २००७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बेडका कसा काढायचा हे ज्या स्त्रियांना नीट समजावून सांगितले त्यांच्यापैकी १३ टक्क्यांच्या नमुन्यांत क्षयाचे जंतू सापडले. ज्यांना सांगितले नाही त्यांच्यात हेच प्रमाण ८ टक्के होते. यंत्र बदलले नाही, रंग बदलला नाही, चार वाक्ये तेवढी जास्त बोलली गेली. आज आपल्या शेजारच्या गोव्यातील कंपनीचे ट्रूनॅट यंत्र क्षयाचे जंतू त्यांच्या जनुकांवरून शोधते. पण त्या यंत्रालाही लाळ चालत नाही, बेडकाच लागतो.

लघवीच्या तपासणीचेही असेच. पहिली धार सोडून मधली धार डबीत धरायची, हे संकोच न वाटेल अशा शब्दांत सांगावे लागते. 'दुकानातून आणून आधी काही गोळ्या घेतल्या का?' हेही विचारावे लागते, कारण गोळ्यांनी दबलेले जंतू बशीत वाढत नाहीत आणि अहवाल फसवा येतो.

म्हणूनच आमचे स्पष्ट म्हणणे आहे की, या विद्यार्थ्याने कन्नडही आपुलकीने शिकावी. मराठीत थुंकी आणि बेडका, तसेच कन्नडमध्ये उगुळु आणि कफ. खिडकीपुढची बाई कुठल्या घरची हे जंतू विचारत नाहीत, टेक्निशियननेही विचारू नये. तिच्या भाषेत बोलावे. आपल्या भाषेची कदर व्हावी असे म्हणणाऱ्याने दुसऱ्याच्या भाषेची कदर आधी करावी.

घटनेचे ३५०-अ कलम मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणाविषयी बोलते, प्रयोगशाळेपर्यंत ते पोचत नाही. तेव्हा काही गोष्टी आपणच करायला हव्यात. परीक्षा इंग्रजीत असो, पण शिक्षकांनी कारण मुलांच्या भाषेत सांगावे. प्रत्येक विद्यार्थ्याने तीन रकान्यांची वही ठेवावी : इंग्रजी शब्द, मराठी अर्थ आणि रोग्याला कळेल असा कन्नड शब्द. नमुना घेण्याच्या जागी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत, चित्रांसह सूचना लावाव्यात. गावोगावच्या वाचनालयांनी आणि तरुण मंडळांनी, नोकरीत असलेल्या आपल्याच टेक्निशियनांना बोलावून उन्हाळ्याच्या सुटीत पंधरा दिवसांचा वर्ग भरवावा. याला ना मोठा निधी लागतो, ना सरकारी हुकूम.

भाषेचा अभिमान सभेत सांगणे सोपे आहे. पण डबी हातात घेऊन गोंधळून उभ्या असलेल्या माणसाला 'आजी, खोल श्वास घ्या, छातीतून खोका' असे सांगणारा एक टेक्निशियन आपल्या गावाने तयार केला, तर ती भाषेचीही सेवा आणि गावाचीही. यंदा ज्यांची मुले या शिक्षणाला जाणार आहेत, त्या पालकांनी एवढे जरूर मनावर घ्यावे.